पिठाचा कोंबडा, प्लास्टिकचं विमान

यशोधर राजाची गोष्ट आम्हा जैनांकडं लहान पोरांनाही माहीत असते. दशलक्षण पर्वात संध्याकाळी बस्तीत, म्हणजे मंदिरात, शास्त्रवाचन होतं, तिथं ती अधूनमधून येतेच. उज्जैनीच्या यशोधराला वाईट स्वप्न पडलं. आई चंद्रमती म्हणाली, देवीला बळी दे, अरिष्ट टळेल. राजा जीव मारायला तयार होईना. मायलेकांच्या ओढाताणीत तोड निघाली ती अशी, की खरा कोंबडा नको, पिठाचा करू. तुरा, चोच, पिसं, सगळं हुबेहूब घडवलं आणि राजानं त्यावर शस्त्र चालवलं. रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरी पुढं कित्येक जन्म ते मायलेक मोर, कुत्रा, मासा, बोकड, कोंबडा होऊन कुणाच्या ना कुणाच्या सुरीखाली नाहीतर दाताखाली जात राहिले. सोमदेवसूरींनी ९५९ साली ‘यशस्तिलक’ लिहिलं ते याच कथेवर. त्यांच्या आधी आणि नंतर प्राकृत, अपभ्रंश, कन्नडमध्ये ती अनेकांनी सांगितली आहे.

मी लढाऊ जेट विमानांची मॉडेलं बनवतो. त्यामुळं ही गोष्ट मला इतरांपेक्षा जास्त लागते.

धंद्यानं मी पॅटर्नमेकर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न करण्यात हयात गेली. पंपाची बॉडी, गिअरबॉक्स, व्हॉल्व्ह, जे येईल ते. सागवानी पॅटर्न वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, त्याच्या ठशात बीड ओतायचं. बीड थंड होताना आकसतं म्हणून पॅटर्न मापापेक्षा जरा मोठा ठेवायचा, वाळूतून अलगद सुटावा म्हणून भिंतीला ड्राफ्ट, म्हणजे किंचित उतार, द्यायचा. कामातून मोकळा झालो तरी हात स्वस्थ बसेनात, आणि प्लास्टिकच्या किटकडं वळलो. किटचा खोका उघडला की आत सगळं ओळखीचं असतं. रनर, गेट, पार्टिंग लाइन, इजेक्टर पिनचे गोल ठसे. साचा करणाऱ्यानं कुठं अडचण सोडवली आहे आणि कुठं वेळ मारून नेली आहे, ते मला वाचता येतं. चेक देशातल्या एडुआर्ड कंपनीनं २०११ मध्ये १:४८ मापात मिग-२१ चा नवा साचा आणला. त्या पंखावरच्या रिव्हेटच्या ओळी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा त्या अनोळखी टूलमेकरला मनातल्या मनात हात जोडले.

मिगच का, तर माझे मेहुणे नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये फिटर होते. मिगचा ‘बिस’ प्रकार तिथं तयार होत होता त्या काळात ते लागले. त्यांच्या आधीच्या पिढीनं १९६० च्या दशकात ओझरला पहिली मिग-२१ उभी केली ती सोव्हिएत देशातून आलेल्या सुट्या भागांच्या किटमधून, मग हळूहळू भाग इथंच घडू लागले. ‘‘दाजी, तुम्ही टेबलावर करताय तेच आम्ही हँगरमध्ये केलं,’’ असं मेहुणे म्हणतात आणि माझं काम भिंग लावून तपासतात. त्यांच्या मनात या विमानाविषयी अभिमान आहे, शंका नाही. शंका माझ्या मनात आहे.

आमच्या बस्तीतल्या पंडितजींना मी विचारलं होतं. त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, ‘‘हा अनर्थदंड आहे. सोडून द्या.’’ समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त श्रावकासाठी हे सांगून ठेवलं आहे. ज्या पापातून काही साधत नाही, ज्याची संसारालाही गरज नाही, ते तरी सोड. त्याचे पाच प्रकार त्यांनी दिलेत. त्यातले दोन माझ्या टेबलाशी येऊन थांबतात. एक हिंसादान, म्हणजे शस्त्र, विष, आग यांसारखी साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. दुसरं अपध्यान, म्हणजे कुणाचा तरी घात व्हावा असं मनात घोळवत बसणं.

मॉडेल बनवणारे मित्र यावर हसून म्हणतात, अहो, प्लास्टिक आहे ते. पण हे उत्तर मला देता येत नाही, कारण मी रोज सकाळी मंदिरात जातो.

आपल्या न्यायशास्त्रात वस्तू समोर येण्याच्या चार तऱ्हा मानल्यात. नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. त्यातली स्थापना म्हणजे एका वस्तूच्या जागी दुसरी मानणं. ती दोन प्रकारची असते. बुद्धिबळाच्या पटावरच्या सोंगटीला आपण उंट म्हणतो, तिच्यात उंटासारखं काही नसतं, तरी ती उंट असते. ही अतदाकार स्थापना. जिनबिंबात मात्र आकार असतो, मुद्रा असते, नासाग्र दृष्टी असते. ती तदाकार स्थापना. मूर्ती दगडाची, हे कुणाला ठाऊक नाही? तरी तिच्यासमोर उभं राहिलं की कषाय, म्हणजे मनातले विकार, मंद होतात, वीतरागतेची आठवण होते, असं आपण म्हणतो आणि मला स्वतःला तसं होतंही. मग माझं मिग काय आहे? खऱ्या विमानाचा पंखविस्तार ७.१५ मीटर, माझ्याकडच्याचा १४.९ सेंटिमीटर. रंग तोच, आकड्यांची ठेवण तीच, चाकांच्या खोबणीतल्या नळ्यासुद्धा त्याच. इतकी काटेकोर तदाकार स्थापना आपल्या कित्येक मूर्तिकारांनीही केली नसेल. शांत आकारातून शांती उगवते असं ज्यानं मानलं, त्याला हिंसेच्या आकारातून काहीच उगवत नाही असं म्हणायची सोय उरत नाही. मूर्तीला सामर्थ्य द्यायचं आणि मॉडेलला प्लास्टिक म्हणून सोडून द्यायचं, हे एका तोंडानं कसं बोलावं?

म्हणून मी पंडितजींचं म्हणणं झटकून टाकत नाही. पण पुरतं मान्यही करत नाही, आणि का करत नाही ते सांगायला मला विमान जवळून दाखवावं लागेल.

१४ डिसेंबर १९७१ ला २८ व्या स्क्वाड्रनच्या मिग-२१ विमानांनी गुवाहाटीहून उडून ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं मारली. आत पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर ए. एम. मलिक यांची बैठक चालू होती. इमारत शोधायला वैमानिकांजवळ पर्यटकांसाठी छापलेला शहराचा नकाशा होता. छत फुटलं, मलिक यांनी राजीनामा लिहिला, आणि दोन दिवसांनी पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. ती विमानं ‘एफएल’ प्रकारची होती. मी ‘पीएफ’च्या किटवर कातरकाम करून एक एफएल केलं. त्याच्या पंखांखाली रॉकेटचे दोन पॉड लागतात. एका पॉडमध्ये १६ नळ्या, प्रत्येक रॉकेट ५७ मिलिमीटर व्यासाचं. १:४८ मध्ये ते १.२ मिलिमीटर होतं. किटमधल्या पॉडच्या तोंडाला नुसते खळगे असतात. मी पिन व्हाइसमध्ये १.२ चं ड्रिल धरून ते एकेक करून खोल केले. ड्रिल बोटांनीच फिरवायचं, यंत्रानं वेगात फिरवलं की प्लास्टिक वितळून गुंता होतो. भोक जरा सरकलं तर शेजारच्या भोकाची भिंत फाटते. बत्तीस भोकं पाडेपर्यंत जे डोक्यात चाललं होतं त्याला मी अपध्यान म्हणणार नाही. प्रत्येक भोकाशी मला कळत होतं की यातून काहीतरी निघालं होतं आणि खाली कुठंतरी पोहोचलं होतं.

शौकीन मंडळींत एक पद्धत आहे. विमान ‘क्लीन’ ठेवायचं. पंखाखाली बॉम्ब नाही, क्षेपणास्त्र नाही, पायलॉनसुद्धा नाही. रेषा उठून दिसते हे खरं. काही जैन मित्र तर अहिंसेच्या नावानं असं करतात. मला हे पटत नाही. शस्त्र उतरवून ठेवलं की ते विमान पक्ष्यासारखं दिसायला लागतं, आणि ते पक्षी नाही. चार कषायांमध्ये क्रोधाला आपण लगेच ओळखतो, मायेला ओळखत नाही. असतं एक आणि दाखवायचं दुसरं, ही माया. ज्याचं पोट फक्त मारा करण्यासाठी घडवलं, त्याला सुंदर पाखरू म्हणून काचेच्या कपाटात बसवणं मला मायाचार वाटतो. त्यापेक्षा पॉड लावावा आणि त्याच्या नळ्या खोल कराव्यात.

पण शस्त्र लावलं म्हणजे सत्य पुरं झालं, असंही होत नाही. मॉडेलमध्ये दोन माणसं गाळलेली असतात. एक आसनावरचं. हल्लीच्या बऱ्याच किटमध्ये वैमानिकाची आकृतीच नसते, कॉकपिट रिकामं. इजेक्शन सीट मात्र सविस्तर असते, पट्ट्यांसह. २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी राज्यसभेत आकडे दिले होते. १९७१-७२ पासून तोवर मिग जातीची ४८२ विमानं अपघातात गेली, १७१ वैमानिक गेले, ३९ नागरिक गेले. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, त्या दिवशी मेहुणे टीव्हीसमोर बसून रडले. ते विमानासाठी की त्या मुलांसाठी, हे मी विचारलं नाही. दोन्हींसाठी असणार.

दुसरं गाळलेलं माणूस खालचं. मला वाटतं खरा प्रश्न इथं आहे, आणि तो मापाचा प्रश्न आहे.

विमान १:४८ केलं तर अंतरही १:४८ करायला हवं. पॅटर्नमेकरला हे सांगावं लागत नाही. एक बाजू एका स्केलनं आणि दुसरी दुसऱ्या स्केलनं घेतली तर कास्टिंग भंगारात जातं. दहा किलोमीटर उंचीवरून बॉम्ब टाकणारं जेट माझ्या टेबलावर असेल, तर जमीन २०८ मीटर खाली. ते अंतर आडवं धरून मी मोजत गेलो, तर गल्लीच्या टोकाला रेशनच्या दुकानाशी पोहोचलो. तिथं रांगेत उभा असलेला माणूस साडेतीन सेंटिमीटरचा. हवेतून हवेत मारा करणारी आजची काही क्षेपणास्त्रं शंभर किलोमीटरच्याही पुढं जातात. तेच माप लावलं तर दोन किलोमीटरच्या वर. म्हणजे लक्ष्मीपुरीतल्या माझ्या टेबलावरून साधारण रंकाळ्याच्या काठावरचं विमान पाडायचं. टेबलावर बसून ते दिसतच नाही. वैमानिकालाही दिसत नाही, त्याला पडद्यावर खूण दिसते.

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या केली तेव्हा प्राणघाताच्या आधी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, ठेवला. अमृतचंद्राचार्य त्याहून पुढं गेले. मनात राग-द्वेष उपजणं हीच हिंसा, असं त्यांनी मांडलं. तेव्हाचं शस्त्र हाताच्या टप्प्यातलं होतं, धनुष्य धरलं तरी नजरेच्या. मारणाऱ्याला मरणारा दिसत होता. आता द्वेष उपजण्याची गरजच राहिली नाही. शांत चित्तानं, शिकवल्याबरहुकूम, एक बटण. मग प्रमाद कुठं शोधायचा? मला वाटतं तो या अंतरात आहे. दिसू नये अशी सोय करून घेणं हा प्रमादच आहे, आणि आधुनिक लढाऊ विमान म्हणजे ती सोय, अत्यंत बुद्धीनं केलेली.

याच्या उलट टोकाला मला बाहुबली दिसतो. भरत आणि बाहुबली, दोघा भावांकडं सैन्य उभं होतं. मंत्र्यांनी सांगितलं, सैनिक कशाला मरायला हवेत, दोघांत निकाल लावा. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. युद्धाचं माप कमी करण्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. दोन राज्यांचं युद्ध दोन देहांवर आणलं, आणि पहिली फेरी तर फक्त डोळ्याला डोळा भिडवण्याची. शेवटी बाहुबलीनं भावाला दोन्ही हातांवर उचललं. आपटायचं तेवढं राहिलं होतं. तिथं तो थांबला. तो थांबू शकला, कारण भावाचं वजन त्याच्या हातात होतं. भरतानं मात्र नंतर चक्र फेकलं, लांबून. ते चक्र बाहुबलीला प्रदक्षिणा घालून परत गेलं ही त्या कथेची कृपा, लांबून फेकणाऱ्याची नव्हे.

श्रवणबेळगोळला ९८१ च्या सुमारास ती सत्तावन्न फुटी मूर्ती ज्यानं कोरवून घेतली तो चावुंडराय गंग राजाचा सेनापती होता. आयुष्यभर लढाया केलेला माणूस. आमच्या कुंभोजला बाहुबलीची मूर्ती अठ्ठावीस फुटी, जवळजवळ निम्म्या मापाची, आणि माझ्या देव्हाऱ्यात पितळेची बोटभर आहे. तिन्हींतला भाव एकच. चावुंडरायाला शस्त्र टाकता आलं नाही, गृहस्थाला विरोधी हिंसा, म्हणजे रक्षणासाठी करावी लागणारी हिंसा, सुटत नाही असं शास्त्रही म्हणतं. पण त्यानं आपली कर्तबगारी दाखवायला रणातला विजय नाही कोरला, हात आवरलेला माणूस कोरला. माझे मेहुणे जेव्हा म्हणतात की ही विमानं नसती तर देश राहिला नसता, तेव्हा मी वाद घालत नाही. विरोधी हिंसेला जागा आहे. फक्त ती हिंसा आहे हे विसरायला जागा नाही.

मॉडेलांच्या इतिहासातही अंतराचा हा धागा आहे, आणि तो ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलानं शाळकरी मुलांकडून १:७२ मापाची लाकडी विमानं मागवली. उद्दिष्ट पाच लाखांचं. ती खेळण्यासाठी नव्हती. तोफेवरच्या सैनिकांना आणि वैमानिकांना आपलं विमान कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे आकारावरून ओळखायला शिकवण्यासाठी होती. ३५ फुटांवरून पाहिलेलं १:७२ चं मॉडेल जवळपास अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं, म्हणून ते माप. मुलांनी शाळेच्या कार्यशाळेत कानशीनं घासून, काळा रंग देऊन ती पाठवली. हिंसादानाचं याहून स्पष्ट उदाहरण कुठलं? आणि तरी त्याच मॉडेलांमुळं कितीतरी आपलीच विमानं आपल्याच गोळ्यांतून वाचली असतील. मला या दोन्हींची बेरीज-वजाबाकी करता येत नाही. एवढं मात्र कळतं, की मॉडेल नीट पाहायला शिकवतं. मग कुणाला पाहायचं हा प्रश्न उरतो.

एका बाबतीत माझा हात ठरून आखडतो. डेकलच्या पानावर कधीकधी नाकाजवळ लावायच्या बारीक खुणा असतात. इस्रायली एफ-१५ च्या पानावर पाडलेल्या विमानांसाठी शत्रूदेशाची गोल चिन्हं, अमेरिकी विमानांवर टाकलेल्या बॉम्बच्या छोट्या आकृत्यांची ओळ. ज्वारीच्या दाण्याएवढी एक खूण म्हणजे एक विमान, आणि त्यात बहुधा एक माणूस. शस्त्र लाव म्हणणारा मी ह्या खुणा लावत नाही. मित्र विचारतात, मग सत्याचं काय झालं? खऱ्या विमानावर त्या असतातच की. असतात. पण पॉड हे विमानाचं अंग आहे, खूण ही मिरवण्याची गोष्ट आहे. पॉड सांगतो हे काय करतं, खूण सांगते बघा किती केलं. ती माझ्या बोटांनी चिकटवली तर तो मान माझा होतो. यशोधराच्या कथेतही मला दोष पिठाच्या आकारात दिसत नाही. कणीक मळताना, तुरा घडवताना कुणी नरकात गेलं नाही. मारण्याचा संकल्प धरून वार केला तिथं गाठ पडली. ती खूण चिकटवणं मला त्या वाराच्या फार जवळचं वाटतं.

परवा नातवानं किट मागितलं. बारा वर्षांचा आहे, हात चांगला आहे, निपरनं गेट कापताना घाई करत नाही. पंडितजींच्या हिशोबानं हे सरळ हिंसादान. मी दोन-तीन दिवस विचार केला, सुनेशीही बोललो. ती म्हणाली, ‘‘अण्णा, मोबाइलवर तो रोज शंभर माणसं मारतो, तिथं कुणी विचारत नाही.’’ मी किट दिलं, एका अटीवर. ज्या विमानाला शस्त्र लावशील, त्याचं दुसरं टोकही त्याच मापात करायचं. जिथं ते शस्त्र पडलं ती जागा, आणि तिथली माणसं.

त्यानं ढाक्याचंच विमान निवडलं. आज ती इमारत बंगभवन आहे, बांगलादेशच्या राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान. तिचे जुने फोटो तो शोधतोय. अख्खी इमारत १:४८ मध्ये घरात मावायची नाही, म्हणून फक्त बैठकीचं दालन करायचं ठरलं आहे. छत फुटलेलं दाखवायचं की फुटण्याआधीचं, यावर त्याचं आणि मेहुण्यांचं फोनवर भांडण झालं. भिंतींना थर्माकोल चालेल का, असं मला विचारत होता. थर्माकोलला धार राहत नाही, तीन मिलिमीटरचा एमडीएफ घे म्हणालो. टेबलाभोवती किती माणसं बसवायची, ते त्याचं त्यानं शोधून काढायचं आहे.